न दिलेली दवंडी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझ्या बायकोपासून काही लपवणं हे सोपं काम नव्हे. डॉक्टरांनी गोड बंद केल्यावर मी ऑफिसात दोन जिलब्या खाल्ल्या, तर संध्याकाळी दारात चपला काढेपर्यंत तिला कळलेलं असतं. पण ही एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली. सुटली, की मीच नजर चुकवत राहिलो? तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. लिहायला बसलो तेव्हा कळलं की तसं काही नसतं.

एक मात्र आधीच सांगून ठेवतो. ही रडकथा नाही. यात कुणी मरत नाही. उलट लग्नं आहेत, बँड आहे, वरण-बट्टी आहे, आणि एक असं गाव आहे ज्याच्यावर माझा जीव आहे. मजेची गोष्ट आहे — मी ती मित्रांना कितीदा तरी रंगवून सांगितली आहे, आणि ते पोट धरून हसलेही आहेत. फक्त दर वेळी सांगताना मधला एक तुकडा मी गाळतो. आज तो गाळायचा नाही, असं ठरवलंय. बघू जमतं का.

मी ग्रामसेवक. गावात आम्हाला ‘भाऊसाहेब’ म्हणतात. मूळचा चाळीसगावचा. सात-आठ वर्षांपूर्वी माझी बदली एका गावात झाली. पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना हायवे सोडून आत वळलं की ते लागतं. नाव सांगत नाही. चूक माझी आहे, गावाचं नाव कशाला मध्ये आणू?

त्याच उन्हाळ्यात जिल्ह्याचा उष्णता कृती आराखडा आमच्यापर्यंत पोचला. हवामान बदलतंय, उन्हाळे वाढतायत, तेव्हा गावपातळीवर कुणी काय करायचं ते त्यात दिलं होतं. फोनवर लाल इशारा आला की ग्रामसेवकाने कोतवालाला सांगायचं. कोतवालाने दवंडी द्यायची. बारा ते चार उघड्यावरची कामं आणि कार्यक्रम थांबवायचे, पाणपोईचे रांजण भरलेले ठेवायचे. आणि इशारा किती वाजता आला, दवंडी किती वाजता दिली, हे ‘इशारा नोंदवही’त लिहून खाली सही करायची. खरं सांगू? चांगला आराखडा होता. ज्याने कुणी लिहिला त्याने स्वतः उन्हात फिरून लिहिला असणार, कारण बसस्टँडवरच्या लोखंडी बाकांचासुद्धा त्यात विचार होता.

पण खानदेशात उन्हाची दवंडी! तुम्ही आमच्याकडचे नसाल तर तुम्हाला यातली गंमत कळायची नाही. आम्हाला आमच्या उन्हाचा अभिमान आहे. जळगावचा माणूस “सेहेचाळीस झालं हो” म्हणून कौतुकाने सांगतो, तर भुसावळचा म्हणतो, “बस, एवढंच?” रावेरचा सांगतो, आमच्याकडे केळी झाडावरच शिजते, उतरवली की थेट ताटात. मे महिन्यात पुण्याचा पाहुणा लालबुंद होऊन दारात उभा राहिला की आमच्या तोंडावर यजमानाचं समाधान पसरतं — काय, कसं वाटलं आमचं ऊन? अशा लोकांना ‘आज ऊन आहे, जपून राहा’ असं सांगायचं, म्हणजे समुद्राकाठच्या माणसाला पाणी खारट आहे म्हणून बजावण्यातलाच प्रकार.

दवंडी द्यायचे ते सुपडू आबा. गावचे कोतवाल. कोतवाल तसा तलाठ्याच्या हाताखालचा, पण गावात दवंडी एकच आणि ती आबांची. लहानखुरे, काटक, पांढरी टोपी, गळ्यात डफडं. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण एकदा ऐकलेला निरोप ते शब्दन् शब्द पोचवायचे. तीस वर्षांत त्यांची एकही दवंडी चुकली नव्हती. हे ते स्वतः सांगत नसत, गाव सांगायचं. म्हशीच्या लसीकरणाची दवंडी असो की मतदार यादीची, आबा तिला स्वतःचं मीठमसाला लावायचे, आणि बायका चुलीपासून उठून ओट्यावर येऊन ऐकायच्या. मला तो माणूस पहिल्याच दिवशी आवडला. अजून आवडतो. म्हणून तर —

थांबा, क्रमाने सांगतो.

पहिला लाल इशारा आला त्या दिवशी मी आबांना तो वाचून दाखवला. ते गंभीरपणे बाहेर पडले, मारुतीच्या पाराजवळ उभे राहिले आणि डफड्यावर थाप मारली. “ऐका हो ऐका! सरकारना निरोप शे! आज ऊन भलतं शे! बारा ते चार घरमा ऱ्हावा, पानी पेवा, डोकाले रुमाल बांधा हो!”  मग समोरच्या ओट्यावरून एक अक्का ओरडल्या, “काब्र हो आबा, काल काय बरफ पडना व्हता का?”

गाव फुटलं. माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडून हसली. आबाही हसले. सगळ्यात जास्त तेच हसले. पण हसण्याचा रोख आबांकडे नव्हता, तो ऑफिसच्या दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे होता. दुसऱ्या दिवसापासून माझं नाव पडलं — ‘सावलीसाहेब’. चहाच्या टपरीवर गेलो की कुणीतरी माझ्या डोक्यावर छत्री धरायचं. ग्रामसभेत उठलो की मागून आवाज यायचा, साहेबांना सावलीत बसवा रे. आज आठवलं की मला स्वतःलाच हसू येतं. तेव्हा आलं नाही. तेव्हा मला फार लागलं. का लागावं? चाळिशी गाठलेला माणूस मी, एवढ्या-तेवढ्या चिडवण्याने काय होतं? पण लागलं खरं.

त्यानंतर मी दवंडी द्यायला लावलीच नाही. इशारे येत होते. आबा रोज सकाळी ऑफिसात डोकावायचे आणि विचारायचे, “भाऊसाहेब, आज काही निरोप शे का?” मी म्हणायचो, नाही आबा. ते जायचे. मग मी नोंदवही उघडून सुवाच्य अक्षरात लिहायचो: इशारा प्राप्त, वेळ अमुक. दवंडी दिली, कोतवालामार्फत, वेळ तमुक. सही. आमच्या खात्यात एक गोष्ट फार लवकर शिकतात — वही भरलेली असली की काम झालेलं असतं. माझी वही तालुक्यात सगळ्यात नीटनेटकी होती. तालुक्याच्या साहेबांनी एकदा ती इतरांना नमुना म्हणून दाखवली होती. मी मान खाली घालून उभा राहिलो, आणि सगळ्यांना ती नम्रता वाटली.

आणि मग सरपंचांच्या पुतण्याचं लग्न आलं.

आमच्याकडचं लग्न तुम्ही पाहिलंय का? मे महिना, मुहूर्त दुपारी साडेबाराचा. म्हणजे पत्रिकेवर साडेबाराचा. नवरदेव मारुतीच्या पारावरून घोड्यावर निघतो, आणि पार ते मांडव हे दोनशे पावलांचं अंतर कापायला दोन-अडीच तास लागतात, कारण पुढे पोरं नाचत असतात. डोक्यावर सूर्य, पायाखाली तापलेली सडक, आणि मध्ये बँड. हे असंच चालत आलं होतं. उन्हात नाचला नाही तो कसला मित्र?

त्या दिवशी दहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. लाल इशारा. त्या उन्हाळ्यातला सगळ्यात कडक. मी तो दोनदा वाचला. कार्यक्रम पुढे-मागे करावेत, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मला काय करायचं होतं ते मला ठाऊक होतं — आबांना बोलवायचं, दवंडी द्यायला लावायची, आणि सरपंचांना सांगायचं की मिरवणूक चार वाजेपर्यंत थांबवा. सरपंच भला माणूस. चिडले असते, पण त्यांनी ऐकलंही असतं. मला खरोखर वाटतं, त्यांनी ऐकलं असतं.

पण डोळ्यांसमोर मांडव आला. तीनशे-चारशे पाहुणे. आणि त्यांच्यासमोर मी — सावलीसाहेब — सांगतोय की ऊन आहे, लग्न थांबवा. हशा ऐकू यायला लागला. नुसत्या कल्पनेनेच कान तापले. मी वही उघडली. लिहिलं: इशारा १०.१०, दवंडी १०.४०. सही केली, शाईवर फुंकर मारली, ऑफिसला कुलूप लावलं आणि मांडवाकडे निघालो.

मांडवाच्या दारात आबा भेटले. नवी टोपी, धुतलेलं धोतर, पण डफडं गळ्यात होतंच. लग्नाच्या दिवशीही ते त्याला सोडत नसत. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “भाऊसाहेब, आज काही निरोप शे का?”

मी म्हणालो, “काही नाही आबा. बसा, जेवूनच जा.”

झालं. हाच तो तुकडा. मित्रांना गोष्ट सांगताना मी इथून उडी मारतो आणि थेट भिकन मास्तरांवर जातो. किती छोटा तुकडा आहे, नाही? दोन वाक्यं. फोन खिशात होता, छातीला लागून.

भिकन मास्तर धुळ्याच्या बँडचे ट्रंपेटवाले. खानदेशात बँडवाल्यांचा पोशाख तुम्हाला माहीत असेलच. जाड लाल मखमली कोट, गळ्यापर्यंत बटणं, खांद्यावर सोनेरी झालर. दिसायला राजा, आतून भट्टी. दुपारी पावणेदोनच्या सुमाराला मिरवणूक अर्ध्यावर होती. पोरांनी नागीण लावायला सांगितली. मास्तरांनी गाल फुगवले, ट्रंपेट आभाळाकडे नेलं, आणि तसेच हळूहळू गुडघ्यांवर आले, मग आडवे झाले. पोरांना वाटलं, वा, काय कलाकार आहे! दोघं जण रुमालाची पुंगी करून त्यांच्यापुढे डोलायला बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हे सांगतो तेव्हा मित्र इथे हसतात, आणि खरंच, पुढचं सगळं नीट झालं म्हणून हसताही येतं. पण तेव्हा ते हसण्यासारखं नव्हतं. माणूस सडकेवर भाजत होता.

कळलं एकट्या आबांना. मांडवातून ते बाणासारखे सुटले. पोरांना बाजूला ढकललं, मास्तरांचे खांदे धरून निंबाखाली ओढत आणले, कोटाची बटणं तोडली, आणि ओरडले, गोणपाट भिजवून आणा, बर्फ आणा, गाडी काढा. जेवणावळीच्या टाकीतलं पाणी बादल्यांनी आलं. नवरदेव घोड्यावरून उतरून स्वतः वारा घालायला लागला. दहा मिनिटांत गाडी धुळ्याच्या रस्त्याला लागली.

मी काय करत होतो? हातात मठ्ठ्याचा ग्लास घेऊन उभा होतो. तो संपला होता, तरी धरून होतो.

मास्तर वाचले. चार दिवसांनी घरी गेले. डॉक्टर म्हणाले, ज्याने ओलं गोणपाट टाकलं त्याने माणूस वाचवला. ही बातमी आली तेव्हा मी ऑफिसचं दार लावून घेतलं आणि रडलो. इतका आनंद मला मुलगी झाली तेव्हाच झाला असेल. गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं.

पण आराखड्यात तेही लिहिलेलं होतं — कुणाला उष्माघात झाला तर चौकशी करायची आणि नोंदवही तपासायची. तालुक्याहून साहेब आले. वही उघडली. दवंडी १०.४०. गावातल्या दहा माणसांना विचारलं. दहाही जण म्हणाले, दवंडी ऐकली नाही. साहेबांनी वही बंद केली. कागदावर ग्रामसेवकाने निरोप दिलेला होता. मग राहिलं कोण? ते आबांकडे वळले आणि म्हणाले, “काय आबा, भाऊसाहेबांनी सांगूनही दवंडी दिली नाही?”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. रागाने नाही. जरा नवल वाटल्यासारखं पाहिलं. माझ्या तोंडात शब्द होते, मी शपथेवर सांगतो — पण शपथेला आता काय अर्थ आहे? शब्द तोंडातच राहिले. आणि आबा साहेबांना म्हणाले, “साहेब, मन्ही चूक व्हयनी. लगीननी गडबडमा मी इसरी गऊ.”

साहेब गेल्यावर मी त्यांच्या मागे पारापर्यंत गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. त्यांनीच थांबून डफड्याची दोरी सारखी केली आणि म्हणाले, “भाऊसाहेब, तुमले आजून बरीच नोकरी करनी शे. मन्हं काय, दोनच साल ऱ्हायनात. जाऊ द्या.” आणि गेले. मी जाऊ दिलं. आबांनी दिलेलं सगळं मी घेतलं, ही सुद्धा एक कबुलीच आहे.

आबांना लेखी ताकीद आली. ती त्यांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडेच आलं, आणि मी ती वाचून दाखवली. ग्रामपंचायतीच्या छतावर भोंगा बसवला गेला. दवंडी बंद झाली. डफडं आबांच्या घरात खुंटीला गेलं. आणि तीस वर्षांत एकही दवंडी न चुकलेल्या माणसाचं नाव पडलं ‘इसरभोळा आबा’. माझं सावलीसाहेब हे नाव त्या दिवसापासून बंद झालं. गावाला चिडवायला एका वेळी एकच माणूस लागतो. पोरं पारावरून ओरडायची, “आबा, जेवन करं का, का तेभी इसरी गयात?” आबा हात हलवून हसायचे. त्यांची नात पल्लवी तेव्हा नववीत होती. ती एकदा यावरून शाळेत भांडून, एका मुलीची वेणी ओढून आली. तिच्या आईने माझ्यासमोर तिला रागे भरलं. मी म्हणालो, जाऊ द्या हो, लहान आहे.

आता यापुढचं ऐका, कारण हेच सगळ्यात सुंदर आहे.

दिवाळी झाली, गावात सोयरिकी जुळायला लागल्या. जिथे लग्नाची बोलणी सुरू व्हायची, तिथे आबा न बोलावता हजर. टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि घरच्या कर्त्या माणसाला म्हणायचे, “दादा, मन्हामुळे एक मानूस मरता मरता वाचना. आते तुम्ही लगीन सकायमा लावा, म्हणजे मन्हा डोकावरनं वझं उतरी.” काय बोलणार यावर? म्हातारा माणूस स्वतःच्या चुकीचं प्रायश्चित्त मागतोय. जे सरकारच्या आराखड्याने झालं नसतं, माझ्या वहीने तर जन्मात झालं नसतं, ते या एका वाक्याने व्हायला लागलं. कुणालाच नाही म्हणवेना. भटजींनी जरा कुरकुर केली — सकाळी मुहूर्त नाही म्हणाले. आबांनी विचारलं, “महाराज, पंचांगमा पंचेचाळीस डिग्री लिखेल शे का?” भटजींना हसू आवरेना. मुहूर्त निघाला.

पहिलं सकाळचं लग्न झालं ते मी कधी विसरणार नाही. सात वाजता अक्षता. सडक थंड, आभाळ स्वच्छ, निंबाला मोहोर. पोरं नाचली — आणि काय नाचली! दुपारच्या नाचात अर्धी चक्कर असते. ही निव्वळ नाचली. ज्या म्हाताऱ्या दुपारच्या मिरवणुकीला ओट्यावरून उतरत नसत, त्या नऊवारीचा काष्टा खोचून मध्ये शिरल्या. नऊ वाजता वरण-बट्टी आणि घोटलेली वांगी. न्याहारी म्हणा की जेवण म्हणा. अकराला पाहुणे गाड्यांमध्ये, बाराला गाव झोपलेलं. नवरीला सजवणारी पार्लरवाली तर इतकी खूश, की आबांना साडी नेसवायचीच काय ती बाकी राहिली होती. म्हणाली, सात वर्षांत पहिल्यांदा माझ्या नवरीचा मेकअप सासरपर्यंत पोचला! भिकन मास्तर त्याच लग्नात परत आले. मखमली कोट कायमचा गेला, पांढरा सुती सदरा आला. त्यांनी आबांपुढे वाकून ट्रंपेट वाजवलं, आणि आबा — दवंडीवाले आबा — लाजले.

दोन उन्हाळ्यांत गावातली सगळी लग्नं सकाळची झाली. मग शेजारच्या गावांतली. लोक त्याला ‘आबाना मुहूर्त’, म्हणजे आबांचा मुहूर्त, म्हणायला लागले. माझं त्यात काय होतं? काहीच नव्हतं. मी फक्त वही भरत होतो — आता खरी भरत होतो, एवढं मात्र आहे. प्रत्येक इशारा मी स्वतः भोंग्यावरून वाचतो, हसणारे हसोत.

पण कागद माझ्याकडून जात होते ना! जिल्ह्याचा आराखडा नव्याने लिहायला घेतला तेव्हा आमच्या गावाची गोष्ट त्यांना फार आवडली. जळगावला बैठक झाली, मला बोलावलं, गावातल्या चार लोकांनाही आणा म्हणाले. मी आबांना नेलं. ते तोवर निवृत्त झाले होते. थंडगार सभागृह, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर आमच्या गावच्या लग्नाचा फोटो. मी वीस मिनिटं बोललो. चांगलं बोललो. लोकसहभाग, परंपरेत बदल, गावाची इच्छाशक्ती. आणि मग — हे लिहिताना हात अडतोय — मी म्हणालो की सुरुवात एका मानवी चुकीतून झाली, आमच्या एका कर्मचाऱ्याकडून दवंडी राहून गेली होती. नाव घेतलं नाही. तेवढा मी सज्जन. आबा दुसऱ्या रांगेत बसले होते. मला शाल-श्रीफळ दिलं तेव्हा सगळ्यात मोठी टाळी त्यांची होती. डफड्यावर थाप मारणारे हात ते. परतीच्या वाटेवर गाडी एका टपरीवर थांबवून त्यांनी सगळ्यांना स्वतःच्या खिशातून भजी खाऊ घातली. माझं नाव झालं म्हणून.

मी स्वतःची समजूत काढत आलो. पुष्कळ वर्षं काढली. म्हणायचो, मी आता खरं सांगितलं तर आबांच्या त्या वाक्यातला जोरच जाईल. लोक म्हणतील, चूक आबांची नव्हतीच, मग कशाला सकाळी लग्न? गावाच्या भल्यासाठी गप्प राहणं बरं. किती छान वाटतं हे, नाही का? जवळजवळ त्याग वाटतो. पण सकाळची लग्नं आता कुणाच्या प्रायश्चित्तावर चालत नाहीत. लोकांना ती आवडतात म्हणून चालतात. हे मला फार आधी कळलेलं होतं. आणि ज्या दिवशी साहेबांनी वही बंद केली त्या दिवशी तर अजून एकही लग्न सकाळी लागलेलं नव्हतं. तेव्हा कुठल्या गावाचं भलं मी सांभाळत होतो?

या मे महिन्यात पल्लवीचं लग्न झालं. आबांच्या नातीचं. मी सहाला पोचलो. आबांनी पार ते मांडव दोनशे पावलं नाचत कापली, या वयात, मधूनमधून टोपी सावरत. भिकन मास्तरांनी पैसे घेणार नाही म्हणून सांगितलं होतं, वर चार वादक जास्तीचे आणले होते. एवढा आनंद मी कुठल्या लग्नात पाहिलेला नाही. मीही नाचलो. मला नाचता येत नाही, तरी नाचलो.

अक्षता पडल्यावर जिल्ह्याहून आलेले एक तरुण अधिकारी मांडवात आले. हौशी, हसतमुख पोरगा. आराखड्यातलं आमचं पान वाचून मुद्दाम सकाळचं लग्न बघायला आला होता. मी त्यांची आबांशी ओळख करून दिली. त्यांनी नमस्कार केला आणि निरागसपणे, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “म्हणजे ती दवंडी विसरले होते ते तुम्हीच ना आबा?”

 नवे व्याही पाहत होते. आबांच्या टोपीवर अक्षतांचे तांदूळ होते. ते हसले आणि म्हणाले, “हा साहेब, तो इसरभोळा मीच.” सगळे हसले. व्याहीही हसले. पल्लवी तेवढी हसली नाही. तिने मुंडावळ्यांसकट मान खाली घातली.

मी आबांच्या शेजारीच उभा होतो. मीही हसलो.

सुपडू आबा विसरले नव्हते. त्यांनी मला मांडवाच्या दारात विचारलं होतं, आणि मी त्यांना नाही म्हणालो होतो.